कौलांचा हिशेब

पैसे फंडाचे होते. ह्यांनी मुंबईत सत्तावीस वर्षं एका कंपनीत काढली आणि २००९ साली आम्ही चंदगडला परत आलो. साडेसहा लाख रुपये कुठं ठेवायचे, यावर घरात रोज बोलणं व्हायचं. मी म्हणत होते, पोस्टात ठेवा. मासिक उत्पन्न योजनेला तेव्हा ८ टक्के व्याज होतं, म्हणजे वर्षाचे बावन्न हजार घरबसल्या. ह्यांच्या मनात मात्र एसटी स्टँडच्या मागचं चिऱ्याचं कौलारू घर भरलं होतं. ओळीनं चार खोल्या, मागं विहीर, एक फणस.

भाडेकरू मिळतील का, ही शंका मलाही नव्हती. कोल्हापूर इथून शंभर किलोमीटरहून लांब. तहसील, कोर्ट, पंचायत समिती, ग्रामीण रुग्णालय, एसटीचं आगार, बँका, कॉलेज, एवढं सगळं गावात असताना बदलीवर आलेला माणूस रोज कुठून ये-जा करणार? त्याला खोली लागतेच.

घराचा व्यवहार मात्र चार महिने अडला. विकणारे दोघे भाऊ तयार होते. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर नावं त्यांचीच होती. पण घर वडिलोपार्जित आणि त्यांची एक बहीण मुंबईला. “तिचं काय, तिला लग्नात सगळं दिलंय,” असं थोरला म्हणाला. ह्यांनी ऐकलं नाही. मुलीचा हक्क मुलाएवढाच, हे २००५ च्या दुरुस्तीनं देशभर पक्कं झालं होतं, आणि कायदा नसता तरी तिला विचारल्यावाचून तिच्या बापाचं घर घ्यायला माझं मन धजलं नसतं. ती दिवाळीला आली, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तिघांनी सह्या केल्या, तिचा वाटा तिच्या हातात पडला. घरातून निघताना तिनं फणसाच्या बुंध्याला हात लावला आणि काही न बोलता गेली. तो फणस आम्ही आजही तोडलेला नाही.

खोलीचं भाडं ९०० रुपये ठरवलं. चार खोल्यांचे महिन्याला ३,६०० आणि वर्षाचे ४३,२०० होतील, असं मी शिवणाच्या वहीत मागच्या पानावर मांडलं होतं. पहिल्या वर्षी एक खोली तीन महिने रिकामी राहिली, हातात आले ४०,५०० आणि दुरुस्तीला गेले ३१,०००. पोस्टाचे बावन्न हजार मला झोपेत दिसायचे. बदल्या मे-जूनमध्ये होतात, जुना माणूस जातो आणि नवा यायला शाळा सुरू व्हावी लागते. म्हणून तेव्हापासून मी वर्ष दहा महिन्यांचंच धरते. भाड्याच्या घरात पैसे घालणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते, कारण बारानं गुणून बघणारे पुढं दुरुस्तीला हात आखडतात आणि त्याचा त्रास भाडेकरूला होतो.

दुसरी ठेच कागदाची. एका खोलीचा करार आम्ही शंभराच्या मुद्रांकावर, नोटरीसमोर केला होता. सगळे तसंच करत. त्या भाडेकरूनं सात महिने भाडं दिलं नाही आणि खोली सोडायला सांगितल्यावर म्हणाला, भाडं सहाशेच ठरलं होतं आणि मी कायमचा भाडेकरू आहे. वकिलांनी समजावलं तेव्हा आमच्या पायाखालची जमीन सरकली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट शाबीत होईपर्यंत, खरं धरतात. वर मालकालाच शिक्षा होऊ शकते. लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेला असला तर मुदत संपल्यावर खोली सोडावीच लागते आणि न सोडल्यास कलम २४ खाली दुप्पट रक्कम मागता येते. आम्ही सात महिन्यांच्या भाड्यावर पाणी सोडलं आणि किल्ली घेतली. त्यानंतर अकरा महिन्यांचा प्रत्येक करार नोंदवूनच केला. आता तर अंगठ्याचं यंत्र घेऊन माणूस घरी येतो. मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात अनामतीचा थोडा भार. एवढ्यासाठी वाद ओढवून घेऊ नये.

पण चंदगडात खरा वाद पावसाशी. जूनमध्ये लागला की सप्टेंबरपर्यंत तो सोडत नाही. पश्चिमेची झड चिऱ्यातून आत उतरते, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, पिठाच्या डब्यालाही वास येतो. घर बघायला येणारा भाड्याआधी विचारतो, “गळत नाही ना?”

२०१९ च्या ऑगस्टात ताम्रपर्णीला पूर आला होता. हे आदल्या वर्षीच गेले, त्यामुळं सगळं माझ्या एकटीवर. रात्री अकराला तिसऱ्या खोलीतल्या शिक्षकबाईंनी दार वाजवलं, “काकू, पाळण्यावर पाणी पडतंय.” वीज नव्हती. बॅटरी घेऊन गेले तर पाळणा त्यांनी ओढून घेतला होता, आणि जिथं बाळ होतं तिथं थेंब पडत होता, एका लयीत, टप टप. स्टुलावर चढून आतून काठीनं कौल सरकवलं, फटीत प्लॅस्टिकचा कागद सारला. माझे हात थरथरत होते. मे महिन्यात शाकारणी करताना, या खोलीचं अजून एक वर्ष निघेल, असं मीच गवंड्याला म्हणाले होते. चार हजार वाचवले होते. त्या रात्री बाईंनी मला चहा करून दिला आणि तो प्यायची मला लाज वाटली.

तेव्हापासून शाकारणीत खाडा नाही. आमची थोडी काजूची झाडं आहेत. मार्च-एप्रिलमध्ये बी विकली की ते पैसे वेगळ्या डब्यात. कौलं उतरवून अंगणात मांडली की मी स्वतः एकेक वाजवून बघते. बोटाच्या पेरानं टिचकी मारली की चांगलं कौल खणकन वाजतं, तडा गेलेलं बद्द. डोळ्याला तडा दिसत नाही, कानाला कळतो. बद्द वाजलेलं एकही परत वर जात नाही. नळ्यांची पोकळी, वाशाची वाळवी, पन्हाळीतला फणसाचा पाला, सगळं गवंडी असेतो माझ्या डोळ्यांसमोर होतं.

२०२० मध्ये टाळेबंदी लागली, दोन खोल्यांत काजू कारखान्यात कामाला जाणाऱ्या बायका होत्या. भाडं तीन महिने पुढं ढकला असं सरकारनं सांगितलं होतं. मी ते मागितलंच नाही. त्या अजून आहेत.

आज खोलीला ३,००० येतात. घरपट्टी आणि दुरुस्ती जाऊन उरतं ते माझ्या औषधपाण्याला आणि नातीच्या शिक्षणाला पुरतं. आयकराच्या हिशेबात घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट सूट धरतात, दुरुस्ती कितीही झाली तरी तेवढीच. आमच्या पावसाला ती कमी पडते, पण काजूचा डबा आहे.

गेल्या मे महिन्यात रुग्णालयातली एक परिचारिका खोली बघायला आली. सांगलीकडची, अजून इथला पाऊस न पाहिलेली. चारी कोपरे बघून तिनं विचारलं, “काकू, पलंग कुठं लावू?”

“पश्चिमेच्या भिंतीपासून वीतभर लांब,” मी म्हटलं, “आणि कपड्यांची ट्रंक विटांवर ठेव.”

तिनं मोबाइलात ते लिहून घेतलं.