वाफसा

पेरणीआधी अण्णा, माझे वडील, वावरात वाकून मूठभर माती उचलायचे. मुठीत दाबून तिचा लाडू करायचे आणि कमरेच्या उंचीवरून सोडून द्यायचे. लाडू फुटला की म्हणायचे, “वाफसा आला.” नाही फुटला तर पाभर बांधावरच थांबायची. श्रीरामपूर तालुक्यातली आमची जमीन काळी, प्रवरेच्या कालव्यावर भिजणारी. ओली झाली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अण्णांनी या मातीला कधी नावं ठेवली नाहीत. ती आज कशी आहे, तेवढं बघायचे आणि मगच कामाला लागायचे.

याच मातीवर मी क्रिकेट शिकलो. जमिनीवर काथ्याची मॅट अंथरायची, ताणायची आणि कडेने खिळे ठोकायचे, हे काम आम्हा धाकट्यांकडे असे. त्यामुळे चेंडू हातात येण्याआधी मॅटचा स्वभाव कळला. कडक जमिनीवर ताणून बसवली तर चेंडू छातीपर्यंत उसळतो. खाली ओल असली की तोच चेंडू टप्पा पडून रेंगाळतो. काथ्यात शिवण अडकते, म्हणून कटर चांगला वळतो. एखादा खिळा ढिला झाला तर मॅटला सळ पडते आणि चेंडू कुठेही जातो.

कळलं होतं, पण अंगी मुरलं नव्हतं. एकोणीस वर्षांचा असताना शेजारच्या तालुक्यात एका स्पर्धेचा अंतिम सामना होता. सकाळी मैदानावर पाणी मारलेलं होतं. वर्षभर आखूड टप्प्यावर बळी मिळाले होते, म्हणून मी तिथेही जोर लावून आखूडच टाकत राहिलो. चेंडू थांबून येत होता आणि फलंदाज निवांत मागे सरकून मारत होता. माझ्या 4 षटकांत 46 धावा गेल्या. रात्री अण्णांनी विचारलं, “माती कशी होती?”

“बघितली नाही.”

“मग पेरलंस कशाला?”

त्यानंतर सामन्याआधी टप्प्याच्या जागी मॅटवर टाच दाबून बघायची सवय लागली. पहिलं षटक विचारपूस करण्यासाठी वापरू लागलो: एक चेंडू पुढे, एक थोडा मागे, एक वेग काढून. मॅट संथ असली तर पुढचा टप्पा, सरळ यष्टींवर, अधूनमधून कटर. उसळी असली तर थोडा मागे, पण हाव धरून आखूड नाही. ऊन चढलं की खालची ओल उडते, म्हणून दुपारी पुन्हा पहिल्यापासून चौकशी. बदल एका वेळी एकच करायचा. सगळंच बदललं तर कशाने काम झालं ते कळत नाही.

आमच्या श्रीरामपूरचा झहीर खान याच कारणाने मला फार जवळचा वाटतो. 2003च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जोहान्सबर्गला त्याच्या पहिल्याच षटकात 15 धावा गेल्या. 2 एप्रिल 2011ला वानखेडेवर, पुन्हा अंतिम सामन्यात, त्याची पहिली तिन्ही षटकं निर्धाव होती. त्या विश्वचषकात त्याने 21 बळी घेतले, बोटांच्या पेरांनी धरून टाकलेला संथ नकलबॉलही वापरला. मुंबईत नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये त्याला घडवणारे सुधीर नाईक हेच वानखेडेच्या खेळपट्टीची देखभालही करत. माती तयार करणारा गुरू लाभणं, ही केवढी मोठी गोष्ट! वाफसा ओळखणारं घर मिळालं, म्हणून मलाही ते समजतं.

लेक पुण्यात नोकरीला लागली आणि टेनपिन बोलिंग खेळू लागली. तिच्या स्पर्धेला गेलो तेव्हा गुळगुळीत लाकडावर काय वाचायचं, असं वाटलं. तिने सांगितलं, “बाबा, यावर तेल असतं.” फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत लेन 60 फूट, आमच्या खेळपट्टीहून 6 फूट कमी. साधारण पहिल्या 40 फुटांवर तेलाचा पातळ थर. तेलावर चेंडू घसरतो, कोरड्यावर पकड घेऊन वळतो. रोजच्या खेळात मधे तेल जास्त, कडेला कमी, म्हणून थोडी चूक झाली तरी निभावतं. स्पर्धेत तेल आडवं जवळपास सारखं पसरतात, तिथे चुकीला माफी नाही. शिवाय प्रत्येक चेंडू थोडं तेल उचलून नेतो, त्यामुळे लेन खेळता खेळता बदलते.

“मग काय करतेस?”

“ज्या बाजूला चुकतो त्याच बाजूला पाय सरकवते. हात तोच ठेवते.”

आजोबा गेले तेव्हा ती चार वर्षांची होती. त्यांचं बोलणं तिला आठवत नाही. तरी ते तिच्या पायांपर्यंत पोचलं होतं.

आता वावर मीच बघतो. यंदा मृगाचा पाऊस चांगला झाला, शेजारी पेरते झाले. मी वाकून मूठभर माती घेतली, दाबली, कमरेच्या उंचीवरून सोडली. लाडू तसाच राहिला. पाभर बांधावर ठेवली आणि घरी आलो.