अर्ध्या ‘र’ला वेगळा क्रमांक नको

‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरांमधल्या. आचार्यांच्या पाया पडायचं, आचाऱ्यांना स्वयंपाकाचं सांगायचं. एवढा अर्थभेद ज्या वळणदार रेघेवर उभा आहे, तिला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक नाही, याचा मला बरीच वर्षं राग होता. मराठीवर अन्याय झालाय, असं मी तावातावाने सांगतही असे. आज माझं मत उलट आहे.

राग अगदीच निराधार नव्हता. युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात यू+०९३१ या क्रमांकावर ‘ऱ’ आहे, पण तो द्राविडी भाषांमधला एक वेगळा ‘र’ देवनागरीत लिहिता यावा म्हणून. त्याचा पाय मोडून पुढे ‘य’ लिहिला, की आपला ‘ऱ्य’ उमटतो. साध्या ‘र’चा पाय मोडला, तर रफार होऊन तो ‘य’च्या डोक्यावर जातो. म्हणजे मराठीचा अर्धा ‘र’ दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू!

त्यात आणखी एक रीत आहे. ‘र’, हलन्त आणि त्यापुढे ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचं अदृश्य चिन्ह. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून हीही ग्राह्य धरतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते निराळे शब्द. एका रीतीने शोधलं, तर दुसरीने लिहिलेलं सापडेलच असं नाही. एखाद्या प्रोग्रामने मजकूर साफ करताना ते अदृश्य चिन्ह उडवलं, तर दऱ्यांचा थेट दर्या होतो. वेगळा क्रमांक मिळाला की हे सगळं मिटेल, असं मला वाटे.

मत बदललं ते ‘ॲ’मुळे. पूर्वी तो ‘अ’वर चंद्र चढवून लिहावा लागे. २००८ साली, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, त्याला यू+०९७२ हा स्वतःचा क्रमांक मिळाला. मला हवं होतं ते नेमकं इथे घडलं होतं. पण जुना मजकूर आपोआप बदलला नाही, जुनी सवयही सुटली नाही. ‘अ’ अधिक चंद्र वापरू नका, असं युनिकोड सांगतं, तरी ‘ॲप’ हा शब्द आजही दोन्ही तऱ्हांनी लिहिलेला आढळतो आणि शोधताना तोच घोळ होतो.

उद्या अर्ध्या ‘र’ला नवा क्रमांक दिला, तर आधीच्या दोन रीती तशाच राहतील आणि त्यांत तिसरीची भर पडेल. शिवाय रफारालाही स्वतंत्र क्रमांक नाही, ‘प्र’मधल्या तिरक्या रेघेलाही नाही, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’लाही नाही. युनिकोड मूळ अक्षरांना क्रमांक देतं. जोडाक्षराचा आकार घडवणं हे फॉन्टचं काम. मग अर्ध्या ‘र’चेच लाड कशासाठी? तो एकट्या मराठीचा आहे असंही नाही. नेपाळीतही तो रोजच्या वापरात आहे.

परक्या ध्वनीसाठी ठेवलेल्या अक्षराकडून तो उसना घ्यावा लागतो, हे मला अजूनही खटकतं. पण क्रमांकाची मागणी मी सोडली आहे. मराठीला गरज आहे ती एकवाक्यतेची. तेव्हा लिहिणाऱ्यांनी ‘ऱ’चीच रीत धरावी, इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की तो मिळतो. आणि शोधयंत्रं व शुद्धलेखन तपासनीस बनवणाऱ्यांनी दोन्ही रीतींचा शब्द एकच मानावा.