परमुलखातली मासरोशी

नोकरीसाठी मालदीवमध्ये माले शहरी गेलो, तो आमचा अम्मीपासून दूरचा पहिला रमजान. इफ्तारला घास उतरेना. शेजारच्या खालांनी मासरोशी शिकवली. मैद्यात ओलं खोबरं घालून पीठ मळायचं. कांदा, मिरची, कढीपत्ता मीठ-लिंबू लावून चुरायचा, त्यात शिजवून कुस्करलेला टुना मिसळायचा. हे सारण भरून जाडसर थापायची आणि कोरड्या तव्यावर भाजायची. धिवेहीत ‘मस’ म्हणजे मासा, ‘रोशी’ म्हणजे रोटी. ऐकताच परकेपणा ओसरला.

सुट्टीत रत्नागिरीला आलो, तेव्हा अम्मीसाठी केली. तिनं चव घेतली आणि म्हणाली, “अल्हमदुलिल्लाह! तिथं उपाशी नव्हतात तर.” वर्षभराची तिची काळजी तेव्हा आम्हाला कळली.