माळ आणि पट्टा

मुंबई-पुण्याकडच्या मंडळींना वर्धा ठाऊक असते ते बहुधा आगगाडीच्या खिडकीतून. फलाटावर चहा घ्यायचा आणि पुढे नागपूर गाठायचे, एवढाच संबंध. पण नागपूरहून मोटारीने उलट यावे, तर हा पाऊणशे किलोमीटरचा रस्ता मोठा गोड आहे. बुटीबोरी मागे पडली की दोन्ही अंगांना कपाशीची काळी शेते, मग केळझरचा गणपती, पुढे सेलू, आणि धाम नदीच्या काठी विनोबांचे पवनार. प्रवाशाला घाई नसावी. मात्र मोटारीचीही तब्येत ठीक असावी!

आम्ही निघालो ते चैत्र संपता संपता. या दिवसांत वर्ध्याकडे पारा ४५ अंशांची भाषा बोलू लागतो. मोटार आमच्या मेव्हण्यांची, चांगली वयस्क. केळझर ओलांडले आणि बॉनेटखालून ‘चींऽऽ’ असा बारीक सूर निघाला. आमच्या कन्येला वाटले, आत चिमणी अडकली. मेव्हण्यांनी रेडिओ मोठा केला. मोटारीच्या कुरकुरीवर हा आपल्याकडचा रूढ उपचार आहे. पण तापमानाचा काटा हळूहळू वर सरकू लागला, तेव्हा सौभाग्यवतींनी निर्वाणीच्या स्वरात सांगितले, “आता थांबा.”

सेलूला एका कडुनिंबाखाली मिस्त्री भेटले. त्यांनी हत्याराला हात लावण्याआधी वैद्याप्रमाणे प्रश्न विचारले.

“साहेब, आवाज गाडी सुरू करतानी येते, का सतत येते?”

“सुरू करताना, आणि रेस दिली की.”

“लाइट लावले की वाढते?”

लावून पाहिले, वाढला. त्यांनी लांबूनच पट्ट्यावर पाण्याचे चार थेंब उडवले. आवाज आणखी चिरका झाला. “मंग पट्टाच ढिल्ला हाय,” ते म्हणाले. पाणी पडताच आवाज क्षणभर गप्प होऊन पुन्हा आला असता, तर पुल्या एका रेषेत नाहीत असा संशय घ्यायचा. नंतर त्यांनी इंजिन बंद करून पट्टा काढला आणि पुल्या हातांनी फिरवून पाहिल्या. बेअरिंग खराब असते तर पुली खरखरली असती. तशी ती खरखरली नाही. पट्ट्याच्या कडा मात्र काचेसारख्या चकाकत होत्या.

त्या चकाकीतच सारे मर्म होते. हा पट्टा इंजिनची गती पंख्याला, पाण्याच्या पंपाला आणि वीज करणाऱ्या डायनामोला पोचवतो. तो पुलीला धरतो तो कडांनी. सैल झाला की घसरतो, पुन्हा पकडतो, पुन्हा घसरतो. ती धडपड म्हणजेच किंचाळी. दिवे लावले की डायनामोवर भार पडतो आणि घसरणे वाढते. पंप मंदावला की पाणी पुरेसे खेळत नाही आणि इंजिन तापते. भर उन्हात त्याकडे काणाडोळा केला, तर दोन-तीनशे रुपयांच्या पट्ट्यापायी सबंध इंजिन उघडण्याची पाळी येते.

मिस्त्रींनी नवा पट्टा चढवला, डायनामो जरासा बाहेर ओढून बोल्ट आवळले आणि लांब बाजूच्या मधोमध अंगठ्याने दाबून दाखवले. अर्धा इंच दबला. “याच्याहून टाइट नाई करायचा,” त्यांनी बजावले, “नाईतर बेअरिंग जाते.”

पवनार पाहून दुपारी आम्ही सेवाग्रामला पोचलो. गांधीजी इथे १९३६ साली राहायला आले, तेव्हा या गावाचे नाव शेगाव होते. सेवाग्राम झाले ते १९४० साली. तिथे एक ताई पेटीचरख्यावर सूत कातत होत्या. कन्येला मोह आवरेना. तिने चाक फिरवले. चाक भरभर फिरले, पण चाती मात्र मध्येच थबके. ताई हसल्या, “माळ सैल झाली बेटा.” चाकावरून चातीकडे जाणारी दोरी ती माळ. त्यांनी ती थोडी ताणली आणि पेळूतून धागा निघू लागला. “फार ताणली तर चाक जड होतं,” त्या म्हणाल्या. मी आणि मेव्हण्यांनी एकमेकांकडे पाहिले. कडुनिंबाखाली हेच ऐकले होते!

वर्ध्याने या गोष्टीचा विचार फार पूर्वी केला आहे. इथल्या मगनवाडीतले मगन संग्रहालय १९३८ साली सुरू झाले, ते ग्रामोद्योगांच्या साधनांसाठीच. त्याआधी १९२९ साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. चरखा वीस वर्षे टिकावा आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक होऊ नये, अशी त्यात अट होती. यंत्राचे दुखणे ते चालवणाऱ्याच्या आवाक्यात असावे, हा त्यामागचा हिशेब मला फार शहाणपणाचा वाटतो.

आजच्या मोटारींत एकच लांब, रेघारेघांचा पट्टा असतो आणि त्याला ताणून धरणारी कप्पी आपोआप काम करते. तो पट्टा ढिला वाटला तर त्या कप्पीचीही तपासणी करवावी. आतला टायमिंगचा पट्टा निराळा; तो बहुधा न ओरडताच तुटतो, म्हणून ठरलेल्या किलोमीटरांवर बदलावा. वर्धा जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत खुला झाला. तिथे कडुनिंबाखालचा मिस्त्री दर मैलावर भेटत नाही.

खंडेनवमीला आपण मोटारीला झेंडूचा हार घालतो, लिंबू ठेवतो. त्याच दिवशी इंजिन बंद ठेवून, पदर-ओढणी सावरून, बॉनेट उघडावे आणि पट्ट्यावर एकवार नजर टाकावी. तीही पूजाच आहे, आणि तिचा प्रसाद वर्षभर पुरतो.