शेवया, भाकरी आणि गूळपाणी

कोणाच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असो, नातवाचा पहिला कम्युनियन असो, की मुलाला आखातात नोकरी लागल्याचा आनंद असो, हल्ली आमच्या वसईकडील मंडळींचे पाय मेजवानीसाठी इटालियन हॉटेलाकडे वळतात. पूर्वी अशा प्रसंगी घरच्या मांडवात पंगत बसे. आता मुले म्हणतात, "आई दमते, बाबा दमतात, चला बाहेर!" मुलांचे प्रेम खरे असते, म्हणून नाही म्हणवत नाही. परंतु आम्ही उभयता मधुमेही. एकाला १४ वर्षांपासून इन्सुलिन, दुसरीला ९ वर्षांपासून गोळी. त्यामुळे अशा आमंत्रणाचा आनंद मानताना मनातल्या मनात हिशेबाची वहीही उघडावी लागते.

हा हिशेब आता घरोघरचा झाला आहे. २००८ ते २०२० या काळात देशभर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीने भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे दाखवून दिले. त्यात गोव्याचे प्रमाण सर्वांत जास्त, २६.४ टक्के, म्हणजे प्रौढांत चौघांमागे एकाहून अधिक! गोव्याशी आपल्या समाजाचे नातेगोते फार, म्हणून हा आकडा आम्ही इथे मुद्दाम देतो.

इटालियन जेवणाविषयी आमच्यात पूर्वी दोन पंथ होते. एक म्हणे, "सगळा मैदाच, हात लावू नये." दुसरा म्हणे, "एक दिवस काय होते?" अनुभवाने दोन्ही मते मागे पडली. पास्ता मैद्याचा असतोच असे नाही. चांगला पास्ता ड्युरम नावाच्या कठीण गव्हाच्या रव्याचा असतो, त्यातील प्रथिनांची जाळी पिष्टाला घट्ट धरून ठेवते आणि त्याची साखर रक्तात सावकाश उतरते. कोणते अन्न किती वेगाने साखर वाढवते हे मोजण्याची रीत टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी १९८१ मध्ये मांडली. त्या मापाने ग्लुकोज १०० धरले, तर अशा शेवया ५० च्या आसपास येतात आणि आपला पांढरा भात ७० च्या. शेवया दाताला किंचित कणखर लागतील इतपतच शिजवलेल्या हव्यात, गिचका झाला की हा लाभ कमी होतो. इटालियन माणसाला गिचका आवडत नाही, आपल्याकडील हॉटेलवाला मात्र गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून मऊ शिजवतो आणि वर मैद्याचा पांढरा सॉस ओततो!

शिवाय इटलीत पास्ता हे जेवणाचे पहिले पान असते, संपूर्ण जेवण नव्हे. माणशी ८० ते १०० ग्रॅम कोरड्या शेवया, त्यानंतर मासळी किंवा मांस, सोबत भाजी. आपल्याकडे मोठी बशी भरून पास्ता, बाजूला लोणी लावलेला लसणीचा पाव, वर शीतपेय. मग साखर वाढली की दोष इटलीच्या माथी! आमची रीत आता ठरून गेली आहे. आधी भाज्यांचे सूप किंवा कच्च्या भाज्या, मग मासळी अथवा कोंबडी, मग दोघांत मिळून एक बशी पास्ता, टोमॅटोच्या किंवा लसूण-तेलाच्या सॉसचा. रिझोटोपासून आम्ही दूर असतो, तो शेवटी भातच, आणि तोही पिष्ट सुटेपर्यंत घोटलेला. पिझ्झा लबाड असतो. दोन तासांनी रक्त तपासावे तर आकडा शहाण्यासारखा दिसतो, आणि चीजमधल्या चरबीमुळे रेंगाळलेली साखर मध्यरात्री वर चढते. वाइनचे उलट आहे. तिच्यामुळे गोळीवाल्याची वा इन्सुलिनवाल्याची साखर काही तासांनी, अगदी झोपेतसुद्धा, खाली घसरू शकते. आणि इन्सुलिन टोचावे ते बशी टेबलावर आल्यावर. "दहा मिनिटांत आणतो" या वाक्यावर विसंबून नव्हे.

अशाच एका जेवणात, दक्षिण मुंबईतील एका हॉटेलात, आमची अर्धी बशी परत गेलेली पाहून आतून एक तरुण आचारी बाहेर आला. चव बिघडली का, असे त्याने काळजीने विचारले. आम्ही कारण सांगितले. तो म्हणाला, "काका, आधी सांगायचं ना. अर्ध्या शेवया आणि बाकी भाजी, असं करून दिलं असतं. माझ्या आजीलापण साखर आहे." त्या दिवसापासून आमची बशी तो वेगळी करू लागला. गाव विचारले तेव्हा त्याने सांगितले, "उमरठ, तालुका पोलादपूर."

उमरठ! शाळेच्या पुस्तकातून ते नाव डोक्यात बसलेले. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ. पोराचे लग्न बाजूला ठेवून ते कोंढाण्यावर गेले आणि ४ फेब्रुवारी १६७० रोजी तेथे पडले. त्यांचा देह मढेघाटाने खाली उतरवून उमरठला आणला, असे परंपरा सांगते. महाड-पोलादपूरच्या डोंगरांतून तेव्हा माणसे गडावर जात, गेल्या शंभर-दीडशे वर्षांत ती मुंबईला जात आहेत. गिरणीत, गोदीत, हॉटेलांत. पावसाळी भाताचे एक पीक निघाले की गावात पोटापुरते काम उरत नाही. तसाच हा मुलगाही आला, बशा धुण्यापासून सुरुवात करून पास्त्यापर्यंत पोचला. "या एकदा गावाला," असे तो दर खेपेस म्हणे. २०२४ च्या जानेवारीत तो पंधरा दिवसांच्या रजेवर गेला, तेव्हा आम्ही खरोखरच निघालो.

सकाळी ७ ला घरी न्याहारी व गोळी-इन्सुलिन घेऊन निघालो. पनवेल, पेण, माणगाव असे करीत दुपारी साडेबारापर्यंत उमरठला जेवायला पोचू, असा अंदाज होता. महाडच्या अलीकडे एक ट्रक आडवा झालेला. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली आणि अडीच तास चाक हलले नाही. जवळची बिस्किटे तिथेच संपली. पोलादपूर सोडून डोंगराच्या कुशीतील रस्त्याला लागलो तेव्हा तीन वाजून गेले होते. उमरठला तो मुलगा रस्त्यावर उभाच होता. समाधी वाटेतच, म्हणून आधी तिथे उतरलो. तानाजींच्या समाधीजवळच शेलारमामांचीही समाधी आहे. चार पावले चालतो न चालतो तोच सौ. चा हात आमच्या हातात थरथरू लागला. कपाळावर दरदरून घाम. बोलणे अडखळते. जेवण लांबले तरी गोळी आपले काम करीतच राहते, हे आम्हांला ठाऊक होते, पण ठाऊक असणे वेगळे आणि परक्या गावी आपल्या माणसाला डोळ्यांदेखत हरवल्यासारखे पाहणे वेगळे.

त्याने सौ. ला समोरच्या अंगणात नेऊन बसवले. यंत्रावर थेंब ठेवला, आकडा ५८. ७० च्या खाली गेले की ताबडतोब पंधरा ग्रॅम साखर द्यावी, चहाचे तीन चमचे भरतील इतकी, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, हा नियम. आम्ही पिशवीत ग्लुकोजची पुडी शोधीत होतो, तोवर एक वृद्धा घरातून तांब्या आणि वाटीत गूळ घेऊन बाहेर आली. "बाय, आधी ह्ये घे. उनातनं आलीस." घरी आलेल्याला गूळपाणी देण्याची ही रीत किती जुनी असेल कोण जाणे. नऊ वर्षांत सौ. ने कितीतरी घरांतून आलेला गूळ हात जोडून परत पाठवला होता. त्या दिवशी तिने खडा तोंडात धरला आणि वर पाणी प्याली. पंधरा मिनिटांनी आकडा ९२. (घरातल्या वडीलधाऱ्यांनी लक्षात ठेवावे, अशा वेळी पेढा किंवा चॉकलेट देऊ नये. त्यातील चरबी साखरेला उशीर करते.)

ती वृद्धा म्हणजेच त्या मुलाची आजी. मग पाने मांडली. नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, सुकट, वालाची उसळ, शेवटी थोडा भात. आजी म्हणाली, "नाचणी खाते, म्हणून गोळी सोडलीया. नाचणीनं साखर जाते म्हनं." त्या वाक्याने आमचा घास थांबला. नाचणी गुणाची खरी. शंभर ग्रॅममागे सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम देते, कोंडाही भरपूर. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून तर तिचे कौतुक शहरांतही पोचले. परंतु तिच्यातही पिष्ट शंभर ग्रॅममागे ७० ग्रॅमच्या जवळपास, म्हणजे गव्हाइतकेच. पातळ आंबील केली तर साखर भराभर चढते. नाचणी हे अन्न आहे, औषध नव्हे. शहरातील आमची मंडळी ऑलिव्ह तेलाबद्दल जे बोलतात, तेच इथे नाचणीबद्दल कोणीतरी आजीच्या कानावर घातले होते.

जेवण झाल्यावर आजी ओसरीवर पाय पसरून बसली. उजव्या तळव्यावर, धाकट्या बोटाखाली, कडा काळ्या पडलेली एक जखम दिसली. आम्ही विचारले, दुखते का? "न्हाई. भात कापायच्या वख्ताला काटा लागला आसंल. दुखत न्हाई, म्हंजी बरंच हाय की." भातकापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरची आणि आम्ही जानेवारीत बसलो होतो. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, काटा रुतलेला कळत नाही, वेदना नसते म्हणून कोणी पाहत नाही. दुखत नाही हीच तर भीतीची गोष्ट. यंत्र जवळ होतेच, नवी सुई लावून आजीचा थेंब घेतला. आकडा ३४६. तो मुलगा आमच्याकडे पाहत राहिला. मुंबईत रोज किती परक्या माणसांच्या बशांतील शेवया तो मोजून वाढत होता!

त्याला एवढेच सांगितले की उद्याची वाट पाहू नये. आजी कुरकुरली. कोंबड्या कोण बघेल, लेकराच्या रजेचे दिवस फुकट जातील, गाडीभाडे कशाला. अखेर सौ. ने तिच्याजवळ बसून सांगितले, "आजी, तुम्ही दिलेला गूळ मी घेतला. आता माझे एक ऐका." ती तयार झाली. आमच्याच गाडीतून तिला संध्याकाळी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेले आणि तेथून दुसऱ्या दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवण्यात आले. धाकटे बोट गेले. पाय राहिला. आणखी महिना गेला असता तर पायही राहिला नसता, असे डॉक्टर म्हणाले.

आजीला आता इन्सुलिन सुरू झाले आहे. पावसाळ्यात त्या डोंगराळ भागात वीज दोन-दोन दिवस जाते, आणि त्यांच्या घरी फ्रिजही नाही. म्हणून ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ती कुपी ठेवायला आम्ही सांगितले. वापरात काढलेली कुपी उन्हापासून जपून, गारव्यात ठेवली तर साधारणपणे चार आठवडे चालते, न उघडलेली मात्र दवाखान्याच्या फ्रिजमध्येच राहू द्यावी. चप्पल घरातही घालायची आणि रोज रात्री नातसुनेने दिव्याच्या उजेडात दोन्ही तळवे पाहायचे, हे डॉक्टरांनी सांगितले. आमच्या धर्मग्रामातही किती घरांत कोणी कोणाचे तळवे पाहते, असा प्रश्न तेव्हा मनात आला. फुले वाहण्यासाठी अनवाणी चालत जाणाऱ्या आमच्या वृद्ध मावशा डोळ्यांसमोर आल्या. पवित्र कम्युनियनपूर्वीच्या तासाभराच्या उपवासातून आजाऱ्यांना धर्मनियमानेच सूट दिली आहे, तरी गोळी घेऊन रिकाम्या पोटी मिस्सेला येणारेही आम्ही पाहतो.

रुग्णालयात आजीला भेटायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. नातू गोऱ्यांच्या शेवया करतो, एवढेच तिला ठाऊक. तिने विचारले, "त्यांच्या मुलखात भात पिकत न्हाई व्हय?" पिकतो, आम्ही म्हणालो. इटलीच्या उत्तरेस पो नावाची मोठी नदी आहे, तिच्या खोऱ्यात व्हेर्चेल्ली गावाभोवती मैलोगणती भाताची शेते आहेत. पूर्वी तण काढायला दूरदूरच्या गावांतून हजारो बायका येत आणि दिवसभर गुडघाभर पाण्यात वाकून उभ्या राहत.

"अनवानी?"

"अनवाणी."

आजीने आपल्या पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहिले. "आन् मजुरी?"

"थोडे पैसे आणि दिवसामागे किलोभर तांदूळ."

"म्हंजी आमच्यावानीच की," आजी म्हणाली, आणि नातवाला म्हणाली, "आरं, पाव्हण्यांना च्या सांग. बिनसाखरेचा."