मेजवानी नको, हिशेब मागा

पणजीच्या कॅसिनोचं वरच्या दर्जाचं कार्ड बाळगणाऱ्या कोल्हापूरकरांना,



तुमच्यापैकी काहीजण मांडवी नदीवरच्या एका कॅसिनोतून नाराज होऊन परत आलात. वरच्या कार्डवाल्यांसाठी खास रात्र आहे, असा निरोप आला होता. स्वतंत्र डेक, हॉटेलात खोली, नावाजलेल्या गायकाचा कार्यक्रम, सोडतीत मोटार असं सगळं कबूल केलं होतं. तुम्ही आजरा-आंबोलीमार्गे भर पावसात गाडी हाकत गेलात. तिथं त्या खास डेकवर कुणीही येत-जात होतं. जेवायला ताट हातात घेऊन रांगेत उभं राहावं लागलं. खोली दोघांत एक. गायक चार गाणी म्हणून निघून गेला. सोडतीचं कूपन ठरावीक रकमेचा खेळ केल्यावरच मिळणार, हे पोचल्यावर कळलं. भेट म्हणून ज्या चिप्स मिळाल्या, त्या खिडकीवर वटत नव्हत्या. टेबलावरच लावाव्या लागत होत्या.

‘‘वर्षभर यांना एवढं दिलं, त्याची ही किंमत?’’ असं तुम्ही चिडून म्हणालात. तुमची तक्रार रास्त आहे. निमंत्रणात जे कबूल केलं, ते द्यायलाच हवं होतं. पण मला त्याहून मोठा प्रश्न पडला. वर्षभर एवढं, म्हणजे नेमकं किती? मी ज्यांना विचारलं त्यांतल्या एकालाही आकडा सांगता आला नाही. कॅसिनोकडे मात्र तो आहे. हे पत्र त्या आकड्यासाठी लिहितो आहे.

तुमचं कार्ड कसं चालतं, ते आधी पाहू. टेबलावर बसताना कार्ड दिलंत की तुमची सरासरी रक्कम, तासाला होणाऱ्या फेऱ्या आणि तुम्ही बसलात ते तास यांची नोंद होते. या तिन्हींच्या गुणाकाराला त्या खेळातल्या घराच्या, म्हणजे कॅसिनोच्या, हिश्श्याने गुणलं की तुमच्याकडून किती मिळायला हवं, याचा अंदाज निघतो. पत्त्यांच्या क्लबात मालक डावामागे नाल काढतो, ती डोळ्यांना दिसते. रूलेटमध्ये नाल चाकातच बसवलेली असते. एका शून्याच्या चाकावर ३७ आकडे असतात आणि एका आकड्यावर लावलेले पैसे लागले तर ते परत येतात, शिवाय त्यांच्या ३५ पट मिळतात. म्हणजे प्रत्येक आकड्यावर एकेक रुपया लावला तर ३७ रुपये जातात आणि ३६ परत येतात. ही नाल झाली सुमारे २.७ टक्के. दोन शून्यांच्या चाकावर तीच ५.२६ टक्के होते.

आता फेरीला ५,००० रुपये, तासाला ४० फेऱ्या आणि पाच तास धरा. एका रात्रीत १० लाखांची उलाढाल झाली. एका शून्याच्या चाकावर त्यातले सरासरी २७,००० रुपये घराचे, दोन शून्यांच्या चाकावर ५२,००० च्या वर. एखाद्या रात्री तुम्ही जिंकाल, एखाद्या रात्री याच्या कितीतरी पट हराल; पण वर्षभर जात राहिलात तर बेरीज या आकड्याकडेच सरकते. खोली, जेवण, गाणं, भेट हे सगळं याच रकमेचा एक हिस्सा काढून दिलं जातं. त्या रात्रीचे खरे यजमान तुम्हीच होता. मेजवानी झकास झाली असती, तरी पैसे तुमचेच होते.

ही पद्धत कुणा एकाच्या डोक्यातून पणजीत निघालेली नाही. अमेरिकेतल्या हॅराज या कॅसिनो कंपनीने १९९७ मध्ये देशभरच्या आपल्या कॅसिनोंसाठी एकच कार्ड काढलं. पुढच्या वर्षी हार्वर्ड बिझनेस स्कूलमधले प्राध्यापक गॅरी लव्हमन तिथं दाखल झाले आणि कार्डावरची माहिती त्यांनी बारकाईने चाळली. २६ टक्के खेळणाऱ्यांकडून ८२ टक्के उत्पन्न येतं, असं त्यांना दिसलं. हे खेळणारे विमानाने येणारे अब्जाधीश नव्हते. हाताशी थोडा पैसा आणि थोडा वेळ असलेले मध्यमवयीन शिक्षक, डॉक्टर, बँकवाले, यंत्रावर काम करणारे होते. ही यादी वाचताना मला शिरोलीचे फौंड्रीवाले, गुजरीतले सराफ, इचलकरंजीचे यंत्रमागवाले आणि शहरातले डॉक्टर आठवतात. वेगवेगळ्या रंगांची कार्डं निघाली ती अशाच माणसांना पुन्हा पुन्हा बोलावण्यासाठी.

कोल्हापूरकराला पणजीत एवढा भाव का, याचं आणखी एक कारण कायद्यात आहे. गोव्याच्या १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळाला वाट मिळाली, आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलांचे खेळ आले. पण १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या माणसालाच तिथं खेळायला बंदी आहे. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच केला. गोवा आपल्या माणसाला ज्या दारातून आत जाऊ देत नाही, त्याच दारात कोल्हापूर, बेळगाव, पुण्याच्या माणसासाठी पायघड्या घातल्या जातात. याचा विचार करा.

त्यात कराची भर आहे. चिप्स घेतानाच्या पूर्ण रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी लागला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर आहे, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. धंद्यात एवढ्या अटींवर तुम्ही कुणाशी व्यवहार केला असता का?

मला कळतं, तुम्हाला सलतंय ते जेवण नव्हे. सलतोय तो मान. फोनवर नावाने विचारपूस करणारा, मुलाचा वाढदिवस लक्षात ठेवणारा माणूस त्या रात्री तुमच्याकडे न पाहता पुढं गेला. मानाचा आपल्याकडचा रिवाज वेगळा आहे. शाहू महाराजांच्या खासबाग मैदानात गदा खांद्यावर येते ती कुस्ती मारणाऱ्याच्या, आणि मैदान उठून उभं राहतं ते त्याच्या मेहनतीसाठी. कॅसिनोत तुमचा दर्जा खेळलेल्या रकमेवर ठरतो आणि ती कमी झाली की खाली येतो. तो टिकवायला पुन्हा आंबोलीचा घाट उतरावा लागतो. ज्या मानासाठी वर्षाला उसाचं बिल किंवा कामगारांचा पगार पणाला लावावा लागतो, तो मान तुम्हाला शोभत नाही. घरात तुमची वाट बघणाऱ्यांना तर तो मुळीच नको आहे.

कॅसिनो चालवणाऱ्यांनाही दोन शब्द. तुमच्या संगणकात प्रत्येक कार्डवाल्याच्या वर्षभराच्या खेळाची नोंद आहे. निमंत्रण धाडता त्याच पाकिटात ती धाडा. किती रक्कम लावली, किती परत गेली, कुठल्या खेळात घराचा हिस्सा किती, एवढ्या तीन ओळी पुरेत. ब्रिटनच्या जुगार आयोगाने ३१ ऑक्टोबर २०२० पासून, एखाद्याला खास ग्राहक करण्याआधी त्याला हा खर्च झेपतो का, हे तपासणं बंधनकारक केलं आहे. गोवा सरकारने असा नियम करायला हवा, आणि आपली माणसं तिथं जातात म्हणून कोल्हापूरच्या लोकप्रतिनिधींनी त्याचा आग्रह धरायला हवा.

जाणं आपल्या हातात राहिलेलं नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी लाजू नये. जागतिक आरोग्य संघटना जुगाराच्या व्यसनाला आजार मानते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही.

बाकीच्यांना एवढंच सांगणं आहे. पुढच्या खास रात्रीचा फोन आला की गायक कोण, खोली कशी, हे विचारू नका. गेल्या वर्षभरात मी किती लावले आणि किती हरलो, ते लेखी मागा. तो कागद घरच्यांसमोर ठेवा आणि मग ठरवा. हिशेब द्यायला जो तयार नाही, त्याचं निमंत्रण घेऊ नका.

आपला,
एक कोल्हापूरकर