फुकट आणि टिकाऊ

आमच्या सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात भाजीवर सांभार फुकट मिळतो, पण शुक्रवारी पिवळा पडतो. त्यामुळे जुन्या संगणकाचा घरगुती सर्व्हर करून त्यावर फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम घालण्याचा माझा बेत ऐकताच सौ. म्हणाली, "फुकटचं किती दिवस टिकते?"

प्रश्न बोचला. त्या सर्व्हरवर आईच्या आवाजाच्या कॅसेटी उतरवून ठेवायच्या होत्या.

भाच्याला बोलावले. तो म्हणाला, "मामा, सिस्टिमला भोकं पडतातच. ती किती वर्षं बुजवून मिळतील, तेवढं पाहायचं." सेंटओएस 8 ला 2029 पर्यंतचा शब्द होता, 2020 च्या डिसेंबरात तो फिरला आणि 2021 संपता संपता सारे आटोपले. उबुंटूची दर दोन वर्षांनी एप्रिलात येणारी दीर्घ मुदतीची आवृत्ती पाच वर्षे सांभाळतात. डेबियनही साधारण तितकीच. 1993 पासून स्वयंसेवक ती चालवतात, मालक कंपनी नाही.

"मालक नाही, मग भांडायचं कोणाशी?" सौ.

"अन् मालक नाही म्हणून दुकान बंद करणाराही नाही, मामी!"

डेबियन बसली. पाच वर्षांनी नवी आवृत्ती घालावी लागेल. तेव्हा मी एकोणऐंशीचा असेन. म्हणून सगळी कृती वहीत लिहिली. सौ.ने ती वही मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवली. तिथले काही हरवत नाही.

पहिली कॅसेट लावली. खरखर झाली, मग आई म्हणाली, "बाजारात चालला ना? सांभार मागून घेजो."